रेघेखाली लावलेली वेल

मर्यादवेलीचे फाटे आम्ही दोन पोती भरून तोडून आणले, तो दिवस मला अजून लख्ख आठवतो. जून २०२० संपत आला होता. शेजारच्या वाडीतली चार मुलं आणि मी. हातात विळे, पायाखाली ओली वाळू, आणि मनात एकच गोष्ट : समुद्राला थोपवायचं. मुलं फाटा धरून ओढायची. पेरापेरातून वाळूत गेलेली मुळं तटतट तुटायची. तो आवाज ऐकूनही मी त्यांना थांबवलं नाही. उलट ‘मुळासकट घ्या रे, लवकर धरेल’ असं मीच म्हणत होते. ३१ वर्षं शाळेत विज्ञान शिकवलं, वाळूची धूप कशाने थांबते हे फळ्यावर चित्र काढून कितीदा समजावलं, आणि त्या दिवशी त्याच चित्रातली मुळं मी माझ्या हाताने उपटत होते.

त्याआधी तीन आठवडे, ३ जूनला, निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर चढलं. आम्ही त्याच्या दक्षिणेला, दापोली तालुक्यात. आमच्याकडेही त्याने काही शिल्लक ठेवलं नाही. माड पडले, पोफळी मधोमध मोडल्या, कौलं पाचोळ्यासारखी उडाली. पुळणीच्या कडेला सुरूचं बन होतं ते बहुतेक सगळं आडवं झालं. मुळांचे थाळे वर, शेंडे घराकडे. सुरू मूळचा आपला नव्हे, आग्नेय आशिया आणि ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यांवरचा; वारा अडावा म्हणून आपल्याकडे लावला गेला. त्याच्या काड्यांचा जाड थर वाळूवर साचतो आणि खाली दुसरं फारसं काही उगवत नाही. त्यामुळे झाडं पडली तेव्हा खाली वाळू धरून ठेवायला काहीच नव्हतं. पावसाळ्याच्या पहिल्या उधाणांनी ती वाळू न्यायला सुरुवात केली. मी रोज संध्याकाळी जाऊन बघत असे आणि घरी आल्यावर झोप लागत नसे.

पुळणीच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या मुखाशी, मर्यादवेलीचा मोठा गालिचा होता. लहानपणापासून बघितलेला. आपट्यासारखं मधोमध दुभंगलेलं जाड पान, सकाळी उमलणारं जांभळट गुलाबी फूल, कंठाशी गडद रंग. लिनियसने १७५३ साली या वेलीला दिलेल्या नावातल्या लॅटिन शब्दांचा अर्थ ‘बकरीचा पाय’ असा होतो, तोही या पानामुळेच. वादळात तिथला वाळूचा दांडा जागच्या जागी राहिला होता. मी ते पाहिलं आणि ठरवलं, हीच वेल सगळ्या किनाऱ्यावर लावायची.

तो दांडा का राहिला, हा प्रश्न मात्र मी स्वतःला विचारला नाही. वाऱ्याबरोबर येणारी वाळू वेलीच्या पानांत अडते, तिथेच बसते. वेल त्या वाळूतून पुन्हा वर येते, नव्या पेराला नवी मुळं सोडते, मग आणखी वाळू अडते. असा तो दांडा वर्षानुवर्षं वाढलेला असतो. मी त्यातली वेल काढली म्हणजे काही फाटे काढले एवढंच नव्हे, मी त्या दांड्याचा एक बांध काढला होता.

आणलेले फाटे आम्ही कुठे लावले? सुरूच्या पडलेल्या रांगेच्याही पुढे, समुद्राच्या बाजूला. घरात चोर येऊ नये म्हणून दार पुढच्या बाजूला लावतो, तसा माझा विचार होता. एका रांगेत, दोरी धरून, हात-हात अंतरावर. मुलांनी खड्डे खणले. मी प्रत्येक खड्ड्यात मूठभर शेणखत घातलं. पाऊस पडत होता. बागेत रोप लावायला याहून चांगले दिवस नाहीत, हे आम्हा कोकणातल्या माणसांच्या अंगातच भिनलेलं असतं.

आषाढी अमावास्येच्या उधाणाला सगळं गेलं. सकाळी जाऊन पाहिलं तर रांग नव्हती, दोरीच्या खुंट्या नव्हत्या, खड्डेही नव्हते. दोन-तीन फाटे ओंडक्याला अडकून पडले होते.

आमच्या वाडीतले एक म्हातारे तांडेल, त्यांना मी काका म्हणते, ओट्यावर जाळं विणत बसले होते. मी रडवेली होऊन त्यांना सांगितलं. त्यांनी हातातली सुई न थांबवता विचारलं, “खंय लावलीस गो?” मी जागा सांगितली. तेव्हा मात्र सुई थांबली. “बाय गो, आषाढात दर्या त्या माडाच्या बुंध्यापर्यंत येतो. तू खाली लावलीस, ती खाली जाणारच. आणि आणलीस खंयसून?” खाडीच्या मुखावरून, असं मी म्हणाले. ते काही बोलले नाहीत. मग पुन्हा विणायला लागले. त्यांच्या त्या गप्प राहण्याने मला जे कळलं ते बोलण्याने कळलं नसतं.

मी दुसऱ्या दिवशी खाडीच्या मुखाशी गेले. जिथून आम्ही पोती भरली होती तिथे दांड्याला खांड पडली होती. चौदा पावलं रुंद. लाटा तिथून आत शिरल्या होत्या आणि मागची वाळू खरवडून गेल्या होत्या. खांडीच्या दोन्ही कडांना वेलीची तुटकी मुळं उघडी लोंबत होती. त्या चौदा पावलांचा हिशेब मी तेव्हापासून दर वर्षी ठेवते.

या वेलीला आपण मर्यादवेल म्हणतो, कारण भरतीची शेवटची रेघ जिथे संपते तिथून ती सुरू होते. नाव तोंडपाठ होतं. त्याचा अर्थ जमिनीवर कुठे येतो, हे मी बघितलं नव्हतं. पावसाळ्यात कोकणातली पुळण स्वतःच आकुंचन पावते. लाटा वाळू ओढून नेतात आणि जरा आत, पाण्याखाली तिचे बांध घालतात. नारळी पौर्णिमेनंतर समुद्र निवळत जातो, तशी ती वाळू हळूहळू परत किनाऱ्याला लागते. म्हणजे जूनमध्ये मला दिसत होती ती झीज सगळीच वादळामुळे नव्हती. बरीचशी दरवर्षीची होती. मी घाबरून तिच्या मध्ये वेल उभी केली.

पुढचं वर्षभर मी घरी रोपं करायच्या मागे लागले. परत खाडीवरून एक फाटाही आणायचा नाही असं ठरवलं होतं. किनाऱ्यावर वाहत आलेली बोंडं गोळा केली. एका बोंडात चार बिया असतात, तपकिरी, मखमलीसारखी लव असलेल्या. साठ बिया तांबड्या मातीत शेणखत मिसळून पिशव्यांत लावल्या, रोज पाणी घातलं. काही कुजल्या, बाकीच्या तशाच दगडासारख्या राहिल्या. तशा राहणारच. हे बी समुद्रात महिनोन्‌महिने तरंगतं आणि तरी आतून जिवंत असतं, म्हणूनच ही वेल जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर पोचली आहे. जे कवच खाऱ्या पाण्याला आत येऊ देत नाही ते माझ्या झारीच्या पाण्याला का येऊ देईल? पुढे पॉलिश पेपरवर बी एका बाजूने घासून, रात्रभर पाण्यात ठेवून, निव्वळ वाळूत लावलं तेव्हा आठवड्याभरात कोंब आले. पानांच्या आधी येणारी दोन दलंसुद्धा मधोमध दुभंगलेली असतात. ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी बराच वेळ पिशवीपाशी बसून होते.

परसात, गोठ्याच्या मागे, उधाणाने टाकून दिलेल्यांपैकी एक फाटाही रुजवला होता. तो असा माजला की विहिरीच्या कठड्यावर चढला. पानं तळहाताएवढी झाली. पण पहिलं वर्ष एकही फूल आलं नाही. खताने पानं वाढतात, फूल येत नाही. या वेलीला रोडकी वाळू आणि दिवसभराचं ऊन लागतं. जिथे तिला काही मिळत नाही तिथे ती फुलते.

तौक्ते वादळ मे २०२१मध्ये आमच्यासमोरून उत्तरेला गेलं. तेव्हा निदान एवढं शहाणपण आलं होतं की त्याच्यामागून लगेच धावत जाऊन काही लावायचं नाही. त्या वर्षी नारळी पौर्णिमा झाल्यावर लावणी केली. काकांनी काठीने वाळूत रेघ मारून दिली. तिच्या वर, जमिनीच्या बाजूला. रांगेत नाही, तीन-तीन, चार-चार रोपांचे पुंजके, मध्ये मोकळं. उरलेला पाऊस रुजायला पुरेसा होता आणि समुद्र पाठीमागे हटत होता. दिवाळीपर्यंत फाटे वाळूवर सरकायला लागले.

पण रोपं कमी होती, म्हणून मी परसातल्या वेलीचे फाटे भरपूर लावले. सगळे एकाच आईचे. पुढच्या वर्षी फुलं आली, बी जवळजवळ धरलं नाही. ही वेल सहसा स्वतःच्या परागावर बी धरत नाही, तिला दुसऱ्या वेलीचा पराग लागतो. मी पुळणीच्या एका मोठ्या तुकड्यावर एकच वेल शंभर ठिकाणी लावून ठेवली होती. वरून हिरवं दिसत होतं, लोक कौतुक करत होते. पुढे मागे ते स्वतःहून पसरेल असं मात्र काही मी त्यात ठेवलं नव्हतं. हळूहळू मी बियांपासूनची रोपं त्यात मिसळत गेले.

आता औषधाचं सांगायला हवं. ही माझी दुसरी मोठी चूक, आणि तिला माहिती नव्हती असंही कारण नाही.

२०२२च्या पावसाळ्यानंतर पानांना भोकं पडायला लागली. गोल, नीट, जणू कुणी पंचने पाडलेली. पानाखाली सोन्याच्या टिकलीसारखे चकाकणारे किडे होते, पाठीवर पारदर्शक ढाल असलेले. रताळ्याच्या वेलीवरही असतात. मर्यादवेल रताळ्याच्याच कुळातली. दोन वर्षं खपून वाढवलेली वेल डोळ्यांसमोर चाळणी होताना बघून मी हलले. आमच्या कलमांवर तुडतुड्यासाठी मारतात ते औषध घरात होतं. पाठीवर पंप घेतला आणि मारलं. एकदा नव्हे, आठवड्याच्या अंतराने दोनदा. सकाळी, फुलं उघडी असताना.

किडे मेले. त्यांच्याबरोबर मुंग्याही गेल्या. या वेलीच्या पानाच्या देठावर, पात्याला लागून, मधाच्या बारीक ग्रंथी असतात. त्यावर मुंग्या येतात आणि पान खाणाऱ्या अळ्यांना त्या हुसकावतात. वेलीने स्वतःसाठी ठेवलेले राखणदार होते ते. मी राखणदार मारले, आणि महिन्याभराने अळ्या आल्या तेव्हा त्यांना अडवायला कुणी नव्हतं.

आणि काळे भुंगे. ते मोठे, निळसर चकाकणाऱ्या पंखांचे, वाशांना भोकं पाडून राहणारे. मर्यादवेलीचं फूल एका दिवसाचं. सकाळी उमलतं, दुपार कलल्यावर मिटतं. तेवढ्या वेळात हे भुंगे एका फुलातून दुसऱ्यात शिरतात, पाठीला पराग फासून बाहेर येतात. औषधानंतरच्या सकाळी मी वाळूवर तीन भुंगे उलटे पडलेले पाहिले. एकाचे पाय हलत होते. त्यानंतर पुढचे कित्येक दिवस वेलीवर गुणगुण ऐकू आली नाही. फुलं येत होती आणि कुणी न शिवता मिटत होती.

घरी येऊन पडवीच्या वाशाकडे नजर गेली. त्याच उन्हाळ्यात भुंग्यांनी पाडलेली पाच भोकं मी सुताराकडून लांबी भरून बुजवून घेतली होती. पुळणीवरचे सुरूचे ओंडके सरपणाला गेले होते. या भुंग्यांना घरासाठी सुकं लाकूड लागतं, फुलं तर लागतातच. मी एका हाताने त्यांच्यासाठी फुलं लावली होती आणि दुसऱ्या हाताने त्यांची घरं बंद केली होती. पुढे एक सुरूचा जुना ओंडका वेलीच्या मागे आणून ठेवला. दुसऱ्या वर्षी त्याला दोन भोकं पडली.

आता जाळं.

बकऱ्या वेल फारशी खात नाहीत, चीक असतो. पण तुडवतात, कोवळे शेंडे कुरतडतात. गुरं वाळूवर बसतात. लोक गाड्या थेट पुळणीवर आणतात, त्याचं तर बोलायलाच नको. मी वैतागले होते. काकांच्या मुलाकडे जुनं नायलॉनचं जाळं होतं, फाटलेलं, टाकाऊ. ते मी मागून आणलं. खुंट्या ठोकून वेलीच्या समुद्राकडच्या बाजूने लांबच लांब कुंपण केलं. खालून बकरी तोंड घालू नये म्हणून जाळ्याची कड वीतभर वाळूत पुरली. काका म्हणाले होते, “जाळं ता जाळं गो. ता बकरी बघून धरीत नाय.” मी हसून ‘हो हो’ म्हटलं आणि कुंपण पुरं केलं.

पहिल्यांदा सापडले ते खेकडे. वाळूच्याच रंगाचे, डोळे वर करून झपझप पळणारे, रात्री बाहेर पडणारे. त्यांची बिळं वेलीत होती आणि जेवण भरतीच्या रेघेवर. मध्ये मी जाळं लावलं होतं. मेलेले खेकडे दिसले की मी सोडवून टाकत असे. वाईट वाटायचं. पण कुंपण काढावं असं तेव्हाही वाटलं नाही, हे मला सांगायलाच हवं.

फेब्रुवारी २०२३मधली एक पहाट. आमच्या गावात एक कासवमित्र आहे, माझाच जुना विद्यार्थी. थंडीच्या दिवसांत तो रोज उजाडण्याआधी पुळण चालतो, कासविणीचा माग शोधत. वेळासला २००२ साली चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने अंडी राखायचं काम सुरू केलं, त्यानंतर आमच्या बाजूच्या कितीतरी गावांतली पोरं या कामाला लागली. तो दारात आला आणि म्हणाला, “बाई, जरा येता का?” आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच मला धस्स झालं.

ओल्या वाळूतून वर चढलेला माग होता. दोन्ही बाजूंना वल्ह्यांसारख्या पायांचे ठसे, मध्ये पोट घासल्याची पट्टी. माग सरळ वर आला होता, माझ्या जाळ्यापर्यंत. तिथे वाळू उकरलेली होती. मग माग जाळ्याला लागून उत्तरेकडे वळला, मी मोजली, बावीस पावलं. पुन्हा जाळ्याला भिडला. आणि तिथून वळून पाण्यात परत गेला. खड्डा नाही, अंडी नाहीत.

ऑलिव्ह रिडले कासवीण एका वेळी शंभराच्या आसपास अंडी घालते. कोरडी, भरतीच्या रेघेवरची वाळू शोधत येते, म्हणजे बरोबर तीच जागा जिथे मर्यादवेल सुरू होते. हे मी मुलांना शिकवलं होतं. वेळासला सहल नेली होती. ४५ ते ६० दिवसांनी वाळूतून वर येणारी पिल्लं मुलांबरोबर उभं राहून बघितली होती, आणि तेव्हा डोळ्यांत पाणी आलं होतं. त्या सगळ्याची आठवण मला जाळं पुरताना का झाली नाही, याचं उत्तर माझ्याकडे एकच आहे : तोपर्यंत ती वेल ‘माझी’ झाली होती. जे तिच्याजवळ येईल ते मला तिचं नुकसान करणारं दिसत होतं.

कासवमित्र म्हणाला, “बाई, ती परत येते. आज नाही तर दोन दिवसांनी, नाही तर पलीकडच्या गावात. वाईट वाटून घेऊ नका.” तो खरं तेच सांगत होता, अडलेल्या कासविणी पुन्हा प्रयत्न करतात. पण ती आमच्या पुळणीवर त्या मोसमात परत आली नाही. रोज पहाटे मी त्याच्याबरोबर चालत होते, म्हणून हे ठामपणे सांगते.

त्याच दिवशी आम्ही जाळं काढलं. वरचं निघालं. पुरलेल्या कडेवर वाळू चढली होती आणि वेलीने त्यात मुळं घातली होती. ओढलं तर वेल उपटत होती, म्हणून कापत कापत काढलं. तरी सगळं निघालं नाही. अजून दर पावसाळ्यानंतर कुठे ना कुठे नायलॉनची हिरवी शेपटी वर दिसते. मी कात्री घेऊन जाते. पहिला कापलेला तुकडा घरात फडताळात ठेवला आहे.

कासवमित्राने मग आणखी एक गोष्ट दाखवली. वेलीचे पुंजके एकमेकांना मिळून बऱ्याच ठिकाणी सलग दाट झाले होते. मुळं घरट्यात शिरली तर अंड्यांना धोका असतो, आणि दाट जाळीत पिल्लं अडकू शकतात. म्हणून आता डिसेंबर लागला की आम्ही मध्ये मध्ये मोकळ्या वाटा ठेवतो, सरकलेले फाटे उचलून बाजूला वळवतो. कापावे लागलेले फाटे टाकत नाही, मागच्या बाजूला लावतो. पलीकडे रावणाच्या मिशा म्हणतात ते काटेरी गवत आपोआप आलं आहे, त्याला मी हात लावत नाही. पानांना भोकं असतात. सोन्याच्या टिकल्या असतात. भुंगे परत आले आहेत, पण पहिल्यासारखे आहेत असं मी म्हणणार नाही, मी तेव्हा मोजले नव्हते.

खाडीच्या मुखाशी मात्र मी काही लावलं नाही. लावायची हिंमतच झाली नाही. दर वर्षी नारळी पौर्णिमेनंतर जाऊन पावलं मोजते. चौदाची २०२१मध्ये सतरा झाली होती. मग पंधरा. दोन्ही कडांनी वेल आत सरकत आली, कधी उधाणाने परत मागे गेली. गेल्या वर्षी अकरा होती.

यंदा मोजताना खांडीच्या मधोमध, काटक्या आणि शिंपल्यांच्या कचऱ्यात, एक रोप दिसलं. दोनच दलं, मधोमध दुभंगलेली. आजूबाजूला वेल नव्हती, म्हणजे ते कुठल्या फाट्याचं नव्हतं, बियांपासून आलेलं होतं. कदाचित आमच्याच पुळणीवरची बी असेल, कदाचित कुठल्या तरी दूरच्या पुळणीवरची. समुद्राने आणून टाकलेली.

मी तिथे थोडा वेळ थांबले. बाजूला चार खुंट्या रोवाव्यात असं मनात आलं, म्हणजे कुणाचा पाय पडणार नाही. खुंट्यांसाठी काटक्याही उचलल्या. मग त्या तिथेच ठेवल्या आणि माझे ठसे रोपाच्या जवळून जाणार नाहीत असं बघत, लांबून वळसा घालून घरी आले.